मुलं जिथे अडतात, तिथेच साधन न्या

आदरणीय ताई,

मी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात अनुदानित शाळेवर गणित शिकवते. आठवी, नववी, दहावी हे तिन्ही वर्ग माझ्याकडेच आहेत. नववीत ५६ मुलं. शाळेत स्मार्ट टीव्ही आहे, पण वीज असेल तेव्हाच चालतो. प्रदर्शनासाठी केलेली थर्मोकोलची मॉडेल्स कपाटात आहेत, ती लांबून दाखवण्यापुरतीच. मोबाइलवर गणिताच्या कृतींचे व्हिडिओ बघते, काही वर्गात करूनही पाहिल्या. त्या दिवशी मुलं खूश असतात, पण चाचणीत पुन्हा (ए + बी)² = ए² + बी² असंच लिहितात. त्रिकोणमिती सुरू झाली की अर्धा वर्ग फळ्यावरचं नुसतं उतरवून घेतो. मुख्याध्यापक म्हणतात, आधी पोर्शन पूर्ण करा, खेळ नंतर. त्यांचंही चूक नाही. कमी पैशांत कोणती साधनं करावीत, कुठून घ्यावीत, तासिकेत वेळ कसा काढावा? आणि याने बोर्डाच्या परीक्षेत काही फरक पडतो का?

— एक गणित शिक्षिका

सप्रेम नमस्कार, बाई.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य माझ्या मते हे आहे: कृतीच्या दिवशी मुलं खूश असतात, पण चाचणीत तीच चूक करतात. पुष्कळ जणांच्या हे लक्षातच येत नाही. मुलं रमली म्हणजे मुलं शिकली, असं धरून चालतात. तुम्ही तसं धरलं नाहीत, म्हणून तुमच्याशी नेमकं बोलता येईल.

साधन निवडताना आपण साधारणपणे विचारतो, ‘या धड्यावर काय करून दाखवता येईल?’ त्याऐवजी ‘या धड्यात माझी मुलं कुठे हमखास चुकतात?’ असं विचारा. चाचणीचे पेपर घेऊन बसा आणि एकच चूक किती जणांनी केली आहे ते बघा. जिथे निम्मा वर्ग एकाच जागी घसरतो, तिथे साधन न्या. बाकीचा धडा खडू-फळ्यावर चांगला शिकवता येतो आणि तो तसाच शिकवावा. प्रत्येक घटकाला एक मॉडेल करायच्या मागे लागलात तर तुमचीही दमछाक होईल आणि मुलांच्याही डोक्यात काही राहणार नाही. एका वर्गाला वर्षभरात सात-आठ साधनं पुरतात. पण ती मुलांच्या हातात पाहिजेत. तुमच्या टेबलावर असून उपयोग नाही.

तुम्ही स्वतःच सांगितलेल्या चुकीपासून सुरुवात करू. जुन्या लग्नपत्रिका गोळा करायला सांगा. प्रत्येक घरात गठ्ठा असतो आणि कागद जाड, टिकाऊ असतो. त्यातून तीन प्रकारचे तुकडे कापायचे: ७ सेंटिमीटर बाजूचा चौरस, ७ बाय २ ची पट्टी आणि २ बाय २ ची छोटी चौकट. चार जणांच्या गटाला दोन मोठे चौरस, आठ पट्ट्या आणि बारा चौकटी. तुमच्या नववीचे १४ गट होतील. कापायचं काम मुलांनाच गृहपाठ म्हणून द्या, आणि प्रत्येक संच लग्नपत्रिकेच्याच पाकिटात ठेवा.

तासिकेच्या सुरुवातीला फळ्यावर (ए + बी)² एवढंच लिहा आणि याचं उत्तर काय ते प्रत्येकाला वहीत लिहू द्या. कुणालाही चूक-बरोबर सांगू नका, खोडूही देऊ नका. मग सांगा: मोठ्या चौरसाची बाजू ए, छोटीची बी. हे दोनच तुकडे घ्या आणि ए अधिक बी बाजूचा पूर्ण चौरस लावून दाखवा. मुलं दोन चौरस कोपऱ्याला कोपरा लावून ठेवतात आणि थांबतात, कारण दोन बाजूंना दोन मोकळ्या जागा उरतात. ‘बाई, हा पूर्ण होतच नाही.’ हे वाक्य तुम्ही बोलू नका, त्यांच्याकडूनच येऊ द्या. मग विचारा की या मोकळ्या जागेत काय बसेल, आणि किती? पट्टी बसते, दोन बसतात, पट्टीचं क्षेत्रफळ एबी. आपण विसरतो ते २एबी म्हणजे बाकावर दिसणारी ती मोकळी जागा. आता वहीतली पहिली ओळ ज्याची त्याने दुरुस्त करायची.

याच पाकिटावर आठवी-नववीतलं अवयव पाडण्याचं काम होतं. एक्स² + ५एक्स + ६ म्हणजे एक मोठा चौरस, पाच पट्ट्या, सहा चौकटी. सगळे तुकडे वापरून एकच आयत करायचा. काही गट पाच पट्ट्यांपैकी एक एका बाजूला आणि चार दुसऱ्या बाजूला लावतील. कोपऱ्यात तेव्हा चारच चौकटी मावतात आणि दोन हातात उरतात. दोन-तीन अशी वाटणी केली की कोपऱ्यात बरोबर सहा बसतात. ‘बेरीज ५ आणि गुणाकार ६ येणाऱ्या दोन संख्या शोधा’ हा नियम मुलं पाठ करतात, पण गुणाकारच का, हे त्यांना कधी दिसलेलं नसतं. ते इथे दिसतं. नंतर मुद्दाम सातवी चौकट द्या आणि एक्स² + ५एक्स + ७ चा आयत करायला सांगा. होणार नाही. सगळ्याच राशींचे असे सरळ अवयव पडत नाहीत, हेही त्यांनी स्वतःच्या हाताने एकदा अनुभवलेलं बरं.

इथे दोन गोष्टी जपा. मोठ्या चौरसाची बाजू छोट्या चौकटीच्या पूर्ण पटीत ठेवू नका. ६ आणि २ अशी मापं घेतलीत तर मुलं पट्टीवर तीन चौकटी ठेवून मोजतात आणि एक्स म्हणजे ३ असं ठरवून मोकळी होतात. ७ आणि २ घेतलं की ते जमत नाही, चल हा चलच राहतो. दुसरं, वजाबाकी. (ए − बी)² पर्यंत हे तुकडे साथ देतात: मोठ्या चौरसावर लगतच्या दोन कडांना दोन पट्ट्या ठेवा, कोपऱ्यातली चौकट दोनदा झाकली जाते, म्हणून ती एकदा परत मिळवायची. त्यापुढे एक्स² − ५एक्स + ६ साठी रंगीत तुकडे, उलटे तुकडे असली कसरत करू नका. तोवर मुलांना चिन्हांची भाषा कळायला लागलेली असते, तिथे पाकीट बंद करा.

दुसरं साधन तुमच्या ऑफिसात रिमने पडलेलं असेल, ते म्हणजे साधा ए-फोर कागद. त्याची लांबी २९.७ सेंटिमीटर, रुंदी २१. हा आकार मुद्दाम ठरवलेला आहे. कागदाची आखूड कड लांब कडेवर येईल अशी घडी घाला. जी तिरकी घडी पडते, ती २१ सेंटिमीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण आहे. आता ही घडी दुसऱ्या कोऱ्या ए-फोरच्या लांब कडेला लावून बघा. तंतोतंत जुळते. म्हणजे कागदाची लांबी ही रुंदीच्या √२ पट आहे. नववीत वास्तव संख्या शिकवताना √२ म्हणजे १.४१४ आणि पुढे न संपणारे अंक, एवढंच मुलांना माहीत असतं. रोज हाताळतात त्या कागदाची कड √२ आहे म्हटल्यावर ती त्या संख्येकडे वेगळ्या नजरेने बघतात. लीगल आकाराचा कागद घेऊन हेच करायला सांगा. जुळत नाही. मग प्रश्न आपोआप येतो की ए-फोरचंच असं का?

उत्तर दहावीच्या समरूपतेत आहे. ए-फोर मधोमध दुमडून अर्धा केला की जो तुकडा मिळतो तो मूळ कागदाशी समरूप असतो. मोठा कागद आणि अर्धा तुकडा एका कोपऱ्यात जुळवून, लांब कड लांब कडेवर येईल असा ठेवा. मोठ्याचा कर्ण छोट्याच्या कोपऱ्यातून जातो. क्षेत्रफळ निम्मं झालं, पण बाजू निम्म्या झाल्या नाहीत, √२ ने भागल्या गेल्या. समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर हे संगत बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढं असतं, हे प्रमेय मुलं घोकतात आणि उदाहरणात नेमका वर्ग करायला विसरतात. त्या प्रमेयाच्या आधी ही पाच मिनिटं द्या.

आणि महत्त्वमापनातही हाच कागद चालतो. दोन ए-फोर घ्या. एक लांबीकडून गुंडाळून बुटकी, रुंद नळी करा, दुसरा रुंदीकडून गुंडाळून उंच, बारीक नळी करा. कडेला कड लावून चिकटपट्टी लावा, कागदावर कागद चढवू नका. कुणात जास्त ज्वारी मावेल? जवळजवळ सगळा वर्ग सांगेल की सारखीच, कागद तर तेवढाच आहे. ताटलीत उभ्या करून भरून बघा. बुटकीत साधारण १.४ पट मावते. त्रिज्येचा वर्ग होतो आणि उंचीचा होत नाही, एवढ्या एका गोष्टीवर हा फरक आहे. १.४ हा आकडा फळ्यावर लिहून ठेवा. हुशार पोरं लगेच विचारतील, ‘बाई, हा पुन्हा √२ का?’ त्याचं गणित त्यांनाच मांडायला द्या.

त्रिकोणमितीत वर्ग गप्प होतो, कारण आकृतीतला कोन नक्की कुठे असतो हे मुलांना उमगलेलं नसतं. उन्नत कोन म्हटलं की काही जण तो झाडाच्या शेंड्याला दाखवतात. वर्गाबाहेर काढल्याशिवाय हे सुटत नाही. कंपासपेटीतला कोनमापक घ्या, त्याच्या सरळ कडेला बॉलपेनची रिकामी बॉडी चिकटवा, मध्यबिंदूच्या भोकातून दोरा ओवून खाली एखादा नट बांधा. नळी आडवी धरली की दोरा ९० वर येतो. नळीतून झेंड्याच्या खांबाचं टोक बघायचं, जोडीदाराने दोरा कुठे आहे ते वाचायचं. दोरा ५५ वर असेल तर उन्नत कोन ९० वजा ५५, म्हणजे ३५ अंश. आणि तो कोन आपल्या डोळ्याशी आहे. मुलाने एकदा स्वतः नळीतून बघितलं की वहीतल्या आकृतीत कोन शेंड्याला जात नाही. सूर्याच्या दिशेला मात्र नळी रोखू देऊ नका, खांबाची सावली बघून उभं राहायची बाजू आधी ठरवा.

यातलीच एक कृती मला फार आवडते. खांबापासून सरळ रेषेत मागे जात राहायचं आणि ज्या ज्या जागी कोन ६०, ४५ आणि ३० अंश येतो, तिथे फक्कीने खूण करायची. क्रीडाशिक्षकांकडे लांब उडीसाठीचा टेप असतो, तो मागून घ्या आणि तिन्ही अंतरं मोजा. मुलांची अपेक्षा असते की कोन ६० चा ३० झाला, निम्मा झाला, म्हणजे अंतर दुप्पट होईल. अंतर तिप्पट निघतं. कागदावरच्या गणिताएवढी अचूकता येणार नाही, थोडं इकडेतिकडे होईल, पण दुप्पट नाही हे स्वच्छ कळतं. आता टॅन ३० आणि टॅन ६० यांच्या किमती लिहा, एक १/√३ आणि दुसरी √३. भागाकार तीन. तो तक्ता मुलं आपोआप पाठ करतील असं मी म्हणत नाही, पाठांतर करावंच लागतं. पण तक्ता मैदानावर खरा ठरतो हे त्यांनी पाहिलेलं असेल. उंची काढताना डोळ्याची उंची मिळवायला निम्मे गट विसरतील. त्यांचं उत्तर दुसऱ्या गटाशी जुळणार नाही. कारण त्यांचं त्यांना शोधू द्या.

संभाव्यतेतली चूक तर जवळपास ठरलेली. दोन नाणी फेकली तर दोन छापे, दोन काटे किंवा एक-एक, म्हणजे प्रत्येकाची शक्यता एक तृतीयांश! हे नुसतं ‘चूक’ म्हणून सांगितलं तर मुलं मान डोलावतात, पटत नाही. नववीच्या ५६ मुलांनी प्रत्येकी दहा वेळा दोन नाणी फेकली की ५६० निकाल हातात येतात. त्यांतले साधारण निम्मे एक-एकचे असतात. मग दहावीला बैलगाडा शर्यत लावा. फळ्यावर १ ते १२ क्रमांकांच्या बारा जोड्या, प्रत्येकीपुढे दहा घरं. दोन फासे टाकायचे, बेरीज येईल ती जोडी एक घर पुढे. सुरुवातीला प्रत्येक गटाने आपली जोडी निवडायची. पहिल्या शर्यतीत मुलं आपल्या आवडीचे आकडे घेतात. १ ची जोडी घेणाऱ्या गटाला थोड्या वेळाने कळतं की आपली गाडी कधीच हलणार नाही, तीच अशक्य घटना. दुसऱ्या शर्यतीला सगळ्यांना ६, ७, ८ हव्या असतात. का, असं विचारा आणि त्याच क्षणी सहा बाय सहाचा तक्ता भरायला बसवा. ३६ पैकी ७ सहा वेळा येतात, २ एकदाच. पैसे किंवा बक्षीस मात्र लावू नका, शर्यत फळ्यावरच राहू द्या.

पायथागोरससाठी दोन गोष्टी सांगते. गावात बांधकाम चाललं असेल तर गवंडीकाकांना वर्गात बोलवा. एखाद्या विद्यार्थ्याचे वडीलच असतील. पायाची आखणी करताना ते एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजतात आणि तिरकं अंतर ५ फूट भरलं की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आला म्हणतात. हा पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास आहे, आणि तो रोज वापरणारा माणूस वर्गात उभा राहतो तेव्हा त्याच्या मुलाची मान ताठ होते. ते मला प्रमेयाइतकंच महत्त्वाचं वाटतं. दुसरं, भास्कराचार्यांच्या १२व्या शतकातल्या ‘लीलावती’तलं बांबूचं गणित. ३२ हात उंच बांबू वाऱ्याने मोडला, शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकला, तर तो किती उंचीवर मोडला? खराट्याची काडी ३२ सेंटिमीटरची कापा. वेगवेगळ्या जागी वाकवून शेंडा १६ वर टेकतो का ते मुलं बघतील. १२ वर वाकवली की टेकतो. मग समीकरण: एक्स² + १६² = (३२ − एक्स)². इथे उजव्या बाजूचा विस्तार करताना पुन्हा ती लग्नपत्रिकेची मोकळी जागा आठवावी लागते.

बाकीचं भरभर सांगते. शंकूचं घनफळ वृत्तचितीच्या एक तृतीयांश का, यासाठी शेंगदाण्याची पुडी करा आणि तेवढ्याच तोंडाची, तेवढ्याच उंचीची नळी. तीन पुड्यांत ती भरते. वर्तुळासाठी बांगडी ठेवून वर्तुळ काढा आणि केंद्र शोधायला सांगा. वहीच्या पानाचा काटकोनी कोपरा वर्तुळावर टेकवला की कोपऱ्याच्या दोन्ही कडा जिथे वर्तुळाला छेदतात ते व्यासाचे टोकबिंदू. असं दोनदा केलं की केंद्र मिळालं, आणि अर्धवर्तुळातला कोनही कळला. क्षेत्रफळासाठी मैदानात ३३ फूट बाजूचा चौरस आखा. १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. घरी सातबारा असतो, पण गुंठा केवढा असतो हे शेतकऱ्याच्या मुलांनाही पुष्कळदा डोळ्यांपुढे आणता येत नाही. अर्थनियोजनासाठी औषधाच्या दुकानातली जीएसटीची बिलं आणायला सांगा. सांख्यिकीला वेगळं काही नको, बाजार समितीतले सोयाबीनचे भाव पुरेत.

साहित्य कुठून आणायचं, हे विचारलंत. तयार गणित पेट्या विकत घेऊ नका. पैसे खर्च करायचेच तर कार्डशीट, लुडोचे फासे, चिकटपट्टी, दोऱ्याचं रीळ आणि चार-पाच चांगल्या कात्र्या घ्या. कल्पनांसाठी अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ बघा. टाकाऊ वस्तूंमधून खेळणी आणि विज्ञान-गणिताच्या कृती करण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं, आणि सगळं मोफत खुलं आहे, मराठीतही. बालभारतीच्या पुस्तकांतल्या ‘कृती’ आपण घाईत ओलांडून जातो, त्या एकदा नुसत्या वाचून काढा. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचं साहित्य मिळतं. आणि वीज नसली तरी तुमच्या फोनवर जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या काढायचं ॲप घेता येईल, ते मोफत आहे आणि एकदा घेतलं की इंटरनेटशिवायही चालतं. त्रिकोणाचा शिरोबिंदू बोटाने ओढला की मध्यगा तरीही एकाच बिंदूतून जातात, हे फळ्यावर दाखवता येत नाही. फोन गटागटाने फिरवा. पण आधी मुलांनी कागदी त्रिकोणाच्या घड्या घालून मध्यगा स्वतः काढलेल्या असाव्यात.

आता वेळेचा प्रश्न, आणि चाचणीत फरक का पडत नाही याचंही उत्तर त्यातच आहे. कृती एका दिवशी आणि उदाहरणं दुसऱ्या दिवशी, अशी फारकत झाली की मुलांच्या डोक्यात ते दोन वेगळे विषय होतात. ३५ मिनिटांची तासिका असेल तर पहिली पंधरा मिनिटं साधन. ते बाकावर असतानाच वहीत त्याची आकृती काढायची, आकृतीच्या शेजारी समीकरण लिहायचं. मग पाकीट बंद, आणि साधनाशिवाय दोन उदाहरणं त्याच तासिकेत. आकृती काढण्याची पायरी कधीही गाळू नका. हातातला तुकडा आणि वहीतलं चिन्ह यांना जोडणारी तीच आहे. पुढच्या दिवशी पाकीट न देता फक्त आकृती आठवून काढायला सांगा.

गटात हुशार मूल सगळं स्वतःच करतं आणि बाकीचे बघत बसतात, हेही होणार. तुकडे हाताळायचं काम गटातल्या सगळ्यात गप्प मुलाला किंवा मुलीला द्या. हुशार मुलाने फक्त लिहायचं, तेही इतरांनी सांगितलेलं.

कधी दुसऱ्या बाईंच्या रजेच्या तासिकेला जावं लागलं, तर त्यासाठी कापरेकर स्थिरांक ठेवा. द. रा. कापरेकर हे नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत गणित शिकवत. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, वजाबाकी करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. आणि पुढे ६१७४ च येत राहते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या इथेच पोचते. ज्याची पोचत नाही त्याची वजाबाकी चुकलेली असते, म्हणून तपासायचं कामही तुम्हाला उरत नाही. हे शोधणारा माणूस तुमच्यासारखाच एक शाळामास्तर होता, हे मुलांना जरूर सांगा.

बोर्डाच्या परीक्षेचं विचारलंत. साधनांनी सराव टळत नाही. भाग १ आणि भाग २ चे ४०-४० गुण लेखी सरावावरच मिळतात. पण (ए + बी)² ची चूक फक्त विस्ताराच्या धड्यात राहत नाही. वर्गसमीकरणात ती येते, पायथागोरसमध्ये येते, निर्देशक भूमितीत अंतराचं सूत्र वापरताना √(९ + १६) = ३ + ४ = ७ असं लिहिणारी मुलं तीच चूक करत असतात. ही एक गाठ आठवीत-नववीत सोडवली तर दहावीत तीन-चार धड्यांतले गुण वाचतात. पोर्शनच्या दृष्टीनेही हे फायद्याचं आहे, कारण दहावीत तेच ते पुन्हा शिकवण्यात जाणाऱ्या तासिका वाचतात.

मुख्याध्यापकांशी वाद घालू नका. एकाच घटकाची परवानगी मागा. आधी नववीला तीन प्रश्नांचा छोटा कागद द्या: (२एक्स + ३)² चा विस्तार करा, एक्स² + ७एक्स + १२ चे अवयव पाडा, आणि √(२५ + १४४) ची किंमत काढा. गुण देऊ नका, फक्त किती जणांचं काय चुकलं ते मांडून ठेवा. मग पाकिटांच्या तीन तासिका घ्या. पंधरा दिवस मध्ये जाऊ द्या, आणि आकडे बदलून तसेच तीन प्रश्न, न सांगता, पुन्हा द्या. दोन्ही वेळचे कागद एकत्र घेऊन त्यांच्यासमोर बसा. फरक दिसला तर पुढचा घटक मागा. दिसला नाही तर कोणत्या प्रश्नात दिसला नाही ते मला कळवा, कागदांचे फोटोही पाठवा. आपण मिळून बघू.